सहाशे अश्वशक्तीची फॅमिली वॅगन घ्यावी का? एका ब्रेकवाल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. म्युनिकमधलं मराठी कुटुंब, सहा आणि तीन वर्षांची दोन मुलं. दारात दोन लिटर डिझेलची स्टेशन वॅगन (मागे डबा असलेली गाडी) आहे, ती १,८०,००० किलोमीटर चालून झाली. नवऱ्याला आता चार-पाच वर्षं वापरलेली ऑडी आरएस६ अवांत घ्यायची आहे, म्हणजे ६०० अश्वशक्तीची वॅगन, किंवा त्याच पंगतीतली दुसरी एखादी. बायकोचं म्हणणं, "डिकी तेवढीच, मग तिप्पट पैसे कशाचे?" आणि मला विचारलंय, "दादा, तुम्ही याच धंद्यात आहात, काय ते एकदा खरं सांगा."

सांगतो. पण माझा चष्मा कुठला ते आधीच कळलेलं बरं. गेली १९ वर्षं मी दक्षिण जर्मनीत ब्रेक आणि चासीच्या चाचणीचं काम करतोय. गाडी पळते कशी हे बाकीचे बघतात. ती थांबते कशी हे बघायचा मला पगार मिळतो. शिवाय चार वर्षं माझ्याकडेही अशी एक होती, आठ सिलिंडरची, आधीच्या पिढीतली. कोणत्या कंपनीची ते सोडा. म्हणजे या मोहातून मी गेलोय आणि त्याचं बिलही भरलंय.

मोह खोटा नाही. आपल्याकडे वाघाचं कातडं पांघरलेल्या गाढवाची गोष्ट सांगतात. या गाड्यांची गंमत नेमकी उलटी, गाढवाचं कातडं पांघरलेला वाघ. १९९४ साली ऑडीने आपली साधी ऑडी ८० वॅगन घेतली आणि पोर्शच्या मदतीने श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझनमध्ये तिची आरएस२ अवांत केली. पाच सिलिंडरचं २.२ लिटरचं टर्बो इंजिन, ३१५ अश्वशक्ती, आणि ब्रेक, चाकं, अगदी बाहेरचे आरसेसुद्धा पोर्शचे. जेमतेम २,९०० गाड्या बनल्या असतील, पण मागे बाबागाडी टाकून स्पोर्ट्स कारच्या पुढे निघता येतं हे लोकांच्या डोक्यात बसलं ते कायमचं. त्याच वर्षी व्होल्वोने ब्रिटिश टूरिंग कार शर्यतीत ८५० ची चक्क वॅगन उतरवली. जिंकली एकही नाही, पण ती लांबट पेटी वळणात आतलं चाक उचलून जाताना ज्यांनी बघितली ते आजही हसत हसत तिच्याबद्दल बोलतात.

आपल्या घरच्यांना हे समजावणं अवघड जातं, त्यालाही कारण आहे. मी माझ्या गाडीचा फोटो पुण्याला पाठवला तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न, "ही ॲम्ब्युलन्स कशाला घेतलीस?" टाटांनी १९९२ मध्ये पुण्यात बनवून टाटा इस्टेट आणली, पुढे इंडिगो मरीना आली, औरंगाबादजवळ शेंद्र्याला जोडलेली स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बीही काही लोकांनी घेतली, पण मागे डबा असलेली गाडी आपल्याकडे कधी रुळली नाही. गंमत म्हणजे आरएस६ अवांत भारतात २०१५ मध्येच आली होती, एक कोटी पस्तीस लाखांना, एक्स-शोरूम. अमेरिकेला ती त्यानंतर पाच वर्षांनी मिळाली. आता हे वडिलांना सांगून काय उपयोग?

जर्मनीत मात्र वॅगन हीच घरची गाडी. त्यामुळे इथे या गाड्यांचं आकर्षण नुसतं शोबाजीचं नाही. एकच गाडी सकाळी किंडरगार्टनला, दुपारी फर्निचरच्या दुकानात आणि शुक्रवारी संध्याकाळी ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, आणि तिन्ही ठिकाणी ती उसनी वाटत नाही. एसयूव्हीतही हे सगळं होतं म्हणतात. होतं, पण तीच ताकद दोन वीत वर उचलून ठेवली की वळणात गाडी कलंडू नये यासाठी सस्पेन्शन दगडासारखं करावं लागतं किंवा भरपूर इलेक्ट्रॉनिक्स ओतावं लागतं. वॅगनचं वजन खाली असतं. कुत्र्याला उडी मारून आत चढता येतं, आणि तांदळाचं पोतं कमरेच्या वर उचलावं लागत नाही. माझं वय पन्नाशीकडे झुकल्यापासून या दुसऱ्या मुद्द्याला मी जास्त गुण देतो.

आणि एक गोष्ट फक्त चालवणाऱ्यालाच कळते. तुमच्या डिझेलमध्ये चार माणसं आणि सुट्टीचं सामान भरलं की ती वेगळीच गाडी होते, चढावर धापा टाकते. या मोठ्या वॅगनला सामान कळतच नाही. उलट पुढे जड इंजिन असल्याने मागे शंभर-दीडशे किलो पडले की ती जरा जास्तच नीट बसते. ट्रकच्या मागून बाहेर पडून पुढे जायला जिथे आधी आठ-दहा सेकंद श्वास रोखून धरावा लागे, तिथे आता नुसता पाय किंचित दाबायचा. हे सुख खरं आहे आणि त्याला मी सुरक्षिततेतही धरतो.

पण ६०० कशाला लागतात? सपाट रस्त्यावर १३० च्या वेगाने जायला अशा गाडीला साधारण ४५ ते ५० अश्वशक्ती पुरतात. २५० चा वेग धरून ठेवायलासुद्धा अडीचशेच्या आसपास लागतात. बाकीच्या साडेतीनशे नुसत्या तिथवर लवकर पोचण्यासाठी. म्हणजे तुम्ही वेग विकत घेत नाही, वेग वाढण्याचा वेग घेता. आणि तो जितका जास्त तितक्या वेळा तुम्ही मोठ्या वेगावरून ब्रेक मारणार, कारण रस्त्यावर तुम्ही एकटे नसता. इथून माझं खातं सुरू होतं.

आरएस६ रिकामीच २,०७५ किलो आहे. चार माणसं, सामान, टाकीभर पेट्रोल धरा, अडीच टनांच्या आसपास गेली. २५० वरून ती थांबवायची तर जवळपास ६० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. थोडं काम हवा करते, बाकी सगळं चाकांमधल्या चार ब्रेक डिस्कच्या माथी. आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर असं बघा: तेवढ्या उष्णतेत आंघोळीच्या बादलीतलं १९ लिटर गार पाणी उकळतं. पाच-सहा सेकंदांत एक बादली. १२५ वरून थांबलात तर त्याच्या पाव, कारण वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथाईवर येते. जाहिरातीत ० ते १०० चा आकडा छापतात, ही बादली कोणी छापत नाही.

म्हणून त्या डिस्क एवढ्या अवाढव्य असतात. पुढच्या लोखंडी डिस्कचा व्यास ४२० मिलिमीटर, सिरॅमिक घेतल्या तर ४४०. तुमच्या घरातल्या पोळपाटापेक्षा कितीतरी मोठ्या. इथे एक गैरसमज काढून टाका: मोठ्या डिस्कमुळे गाडी पहिल्या वेळी कमी अंतरात थांबत नाही. पहिल्या वेळी थांबवतो तो टायर. डिस्कची लायकी पाचव्या वेळी कळते, जेव्हा लहान डिस्कच्या गाडीचं पेडल मऊ पडतं आणि डिस्कला आवळणाऱ्या पॅडचा करपट वास आत येतो.

डोंगर उतरताना हे हिशेब आणखी चिघळतात. ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनरच्या घाटात ब्रेकची चाचणी करायची रीत जुनी आहे. मीही तिथे किती उन्हाळे घालवले मोजलेलं नाही. त्या रस्त्याचा सर्वात उंच भाग अडीच हजार मीटरच्या वर आहे. अडीच टनांची गाडी हजार मीटर खाली आणायची म्हणजे २०० च्या वेगावरून सहा वेळा पूर्ण थांबवण्याइतकी उष्णता, आणि तीही चाळीस-पन्नासच्या वेगाने, जिथे डिस्कला गार करायला वारा नसतो. सहाशे अश्वशक्ती इथे काडीच्या कामाच्या नाहीत, वजन मात्र पुरेपूर सोबत असतं. माझी गाडी नवी होती तेव्हा, म्हणजे मला नवी, बायको-मुलीला घेऊन असाच एक घाट उतरत होतो. गप्पांच्या नादात गियर खाली टाकायला विसरलो. रोज इतरांना शिकवणारा माणूस! मुलगी मागून म्हणाली, "बाबा, चपाती करपल्याचा वास येतोय." गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो. नंतर बघितलं तर ब्रेक फ्लुइड चार वर्षं जुनं, आधीच्या मालकाने बदललंच नव्हतं. ते हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ प्रतीचं कोरडं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, ओल धरलेल्यासाठी तीच मर्यादा १५५ वर येते. ते उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक नाही. दर दोन वर्षांनी बदला. शंभर-दीडशे युरोंचं काम आहे.

थांबण्यातलीच दुसरी गोष्ट मला लोकांना फार वेळा सांगावी लागते. सेडानमध्ये डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते. वॅगनमध्ये सीटची पाठ संपली की लगेच सामान, आणि ते सीटच्या वर गेलं की थेट मुलांच्या डोक्यामागे. या गाड्या जीव खाऊन थांबतात तेव्हा मागचं सगळं पुढे यायला बघतं. एकदा मंडळाच्या कार्यक्रमाहून परत येताना मागे पेटी आणि तबला-डग्गा, दोन्ही नुसतेच ठेवलेले. पुढच्याने अचानक ब्रेक मारला, मीही मारला, आणि डग्गा सीटवरून उडून माझ्या खांद्याजवळ. हा नुसता ब्रेक होता. ५० च्या वेगाने खरंच आदळलो असतो तर दहा किलोच्या पेटीने काही क्षण तीन-चारशे किलोंसारखा मार दिला असता. वॅगनबरोबर छताला अडकवायची जाळी येते. वापरलेल्या गाडीत ती बहुतेक वेळा आधीच्या मालकाच्या तळघरात राहिलेली असते. गाडी बघायला जाल तेव्हा पहिली तीच मागा.

टायरचं दुखणं वेगळंच. २२ इंची चाकं, २८५ रुंदीचा टायर, आणि बाजूची रबराची भिंत इतकी बुटकी की आपल्या रस्त्यांवर पहिल्याच खड्ड्यात रिम वाकेल. चांगल्या कंपनीचे घेतले तर चारही मिळून दीड हजार युरोंच्या आसपास जातात. हलक्या पायाने चालवलीत तर २५,००० किलोमीटर निघतात. माझे मागचे दोन अठरा हजारांतच गेले. इथे हिवाळ्याचा दुसरा संच लागतोच, म्हणजे हा खर्च दोनदा. वर स्टेपनी नाही. तिची जागा ब्रेक आणि सायलेन्सरच्या सामानाने खाल्लेली. हातात येते ती फेसाची बाटली आणि छोटा पंप. शनिवारी दुपारी इटलीतल्या बोल्झानोच्या अलीकडे माझ्या टायरची बाजू फाटली. बाजू फाटली की फेस कामाचा नाही. त्या मापाचा टायर गावात कुठेच नाही, मंगळवारी मिळेल म्हणाले. मिळाला तेव्हा मेकॅनिकने उरलेल्या तिघांची नक्षी मोजली आणि मान हलवली: चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एक टायर नवा आणि तीन झिजलेले असले की चाकांत ताकद वाटणारं डिफरन्शियल सतत झगडत राहतं. दोन घ्यावे लागले. तीन रात्री हॉटेल, दोन टायर. त्याच रस्त्याने आमचे शेजारी आपल्या ऑक्टाव्हियातून रविवारी गार्डा सरोवरावर पोचून पोहतही होते.

छतावरच्या पेटीचं तर विचारूच नका. बहुतेक रूफ बॉक्स १३० पर्यंतच चालतात. सुट्टीला निघालात की तुमच्या सहाशे अश्वशक्ती निमूटपणे डिझेलवाल्यांच्या रांगेत. तुम्ही म्युनिकला राहता म्हणून आणखी एक सांगतो. तुमची बहुतेक सुट्टी दक्षिणेला जाणार, आणि तासाभरात सीमा लागते. ऑस्ट्रिया, इटली १३०, स्वित्झर्लंड १२०. ऑस्ट्रियाने तर १ मार्च २०२४ पासून वेगमर्यादा फारच ओलांडणाऱ्याची गाडी जप्त करायचा कायदा लागू केलाय, परदेशी नंबरप्लेटलाही माफी नाही. वेगमर्यादा नसलेली मोकळी ऑटोबान तुम्हाला उत्तरेकडे मिळणार, आणि तिथे तुमचे नातेवाईक किती आहेत ते तुम्ही बघा.

पैशांचं पटकन उरकतो, कारण तो आकडा तुम्ही काढलेलाच असणार. पेट्रोल ऑटोबानवर सरळ गेलात तर १०० किलोमीटरला १० ते ११ लिटर, पाय जड झाला की वीसच्या वर, आणि टाकी ७३ लिटरची. वाहनकर जर्मनीत साडेसहाशे-सातशे युरोंच्या घरात, तो फार जाचत नाही. फ्रान्समध्ये २०२४ साली अशा नव्या गाडीवर कार्बनचा दंड ६०,००० युरोंपर्यंत चढत होता, त्या मानाने आपण सुखी. कंपनीच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर सांभाळा: खासगी वापरासाठी दरमहा एक टक्का तुमचं करपात्र उत्पन्न म्हणून धरतात तो गाडी नवी असतानाच्या यादीतल्या किमतीवर, तुम्ही ती अर्ध्या किमतीत घेतली असली तरी. विम्याचं कोटेशन सही करायच्या आधी काढा. चोरांचाही या गाड्यांवर डोळा असतो. नेदरलँड्सच्या सीमेकडे एटीएम स्फोटाने उडवणाऱ्या टोळ्या वर्षानुवर्षं वेगवान ऑडीतूनच पळत आल्यात, पोलिसांनी पाठलाग करून त्यांना गाठलंय, किंवा गाठलेलं नाही. थोडक्यात, डिकीची चाचणी आमच्या आधी त्यांनी घेतलेली आहे.

नव्या पिढीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण 'त्याच पंगतीतली दुसरी' म्हणालात म्हणून. बीएमडब्ल्यूने एम३ ची वॅगन २००० च्या सुमारास एक नमुना म्हणून करून बघितली होती आणि विकायला काढली ती थेट २०२२ मध्ये. माझ्या मते आजच्या बाजारातली सर्वात शहाणी वेडी गाडी तीच. विकायला काढली तेव्हा ५१० अश्वशक्ती, पण वजन १,८६५ किलो, डिकी साध्या ३ मालिकेच्या वॅगनएवढीच. ब्रेकवाल्याला हे दोनशे किलो लगेच जाणवतात. उलट २०२४ ची एम५ टूरिंग बघा: बॅटरी आणि पेट्रोल मिळून ७२७ अश्वशक्ती, वजन २,४७५ किलो, आणि बॅटरीपायी डिकी ५७० लिटरवरून ५०० वर. म्हणजे जास्त ताकद, जास्त वजन आणि कमी जागा असलेली वॅगन. यात वॅगन कुठे उरली मला कळत नाही. एक मात्र कबूल करतो, विजेवरची मोटर ब्रेकिंगची बरीचशी ऊर्जा परत बॅटरीत घालते, त्यामुळे रोजच्या वापरात पॅड झिजतच नाहीत. त्यातून दुसरं दुखणं निघालं: न वापरलेल्या डिस्क जर्मन हिवाळ्यातल्या मिठाने गंजतात. अशी गाडी घेतलीत तर आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर दोन-चार सणसणीत ब्रेक मारत जा.

आता जुनी गाडी बघायला जाल तेव्हाचं. इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात, तो तुम्हीही ऐका, पण गार इंजिनाचा. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट असेल तर मालकाने तुमच्यासाठी ती आधीच तापवून ठेवलीय. या आठ सिलिंडरच्या इंजिनांत दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीत बसतात, तिथे भट्टी असते, आणि तेल जितकं जुनं तितकं ते लवकर करपतं. कंपनी दोन वर्षं किंवा ३०,००० किलोमीटर चालेल म्हणते. ज्याने दर १०-१५ हजारांना तेल बदललं त्याची गाडी हजार-दोन हजार जास्त देऊन घ्या. इंजिनाचं रीमॅपिंग, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, झालंय का ते स्पष्ट विचारा, उत्तर खरेदीखतात लिहून घ्या.

मग चाकाच्या आऱ्यांमधून हात घाला आणि डिस्कच्या बाहेरच्या कडेवर नख फिरवा. पॅड जिथे पोचत नाही तिथे एक उंबरा उरतो. नख नुसतं अडखळलं तर ठीक. नखाची अर्धी जाडी आत बसली तर डिस्क संपत आलीय. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियर कॅलिपरने मोजून घ्या. छिद्रं असतील तर त्यांच्याभोवती केसासारख्या भेगा शोधा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा म्हणजे दिसतात. सिरॅमिक डिस्क असतील तर वेगळा खेळ. त्या चारही मिळून ३४ किलो वाचवतात, धूळ काढत नाहीत, शोरूममधला माणूस म्हणेल की आयुष्यभर पुरतात. कोणाच्या आयुष्यभर ते तो सांगत नाही. त्या जाडीने झिजत नाहीत, आतला कार्बन उष्णतेने जळून वजन घटतं; म्हणून त्यांच्यावर किमान वजन कोरलेलं असतं, आणि खात्री करायची तर डिस्क काढून वजनकाट्यावर ठेवावी लागते किंवा त्यासाठीचं मोजयंत्र असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यावी लागते. चारही बदलायच्या म्हणजे पाच आकडी बिल. सर्किटवर पळवलेली सिरॅमिकची गाडी बाहेरून लखलखीत दिसते आणि आतून संपलेली असू शकते. वजनाचा कागद मिळणार नसेल तर मी ती घेत नाही. तुम्हीही लोखंडी डिस्कची आणि २१ इंची चाकांची शोधा. दिसायला थोडी साधी, पण मुलं मागे झोपतील.

लिफ्टवर चढवल्यावर टायरचा आतला खांदा बघा, बाहेरून नक्षी भरपूर आणि आत तारा दिसतायत असं मी कितीदा पाहिलंय. शॉकअपच्या दांड्यापाशी ओली, चिकट धूळ असेल तर तेल गळतंय. बटण दाबून कडक-मऊ होणारे हे शॉकअप साध्यापेक्षा पाचपट महाग असतात. माझ्या गाडीचे दोन गेले. वर्कशॉपमधल्या माणसाने एस्टिमेट उलटं करून टेबलावर ठेवलं आणि आधी कॉफी घेणार का विचारलं, तेव्हाच मी समजलो.

मग घ्यावी का? वहिनींचा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर डिकीत नाही. वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटर, तेही शाळा, ऑफिस आणि दोनदा इटली असं तुमचं चालवणं असेल, आणि तुमच्या प्रश्नावरून ते तसंच दिसतंय, तर माझं मत सहा सिलिंडरच्या, साडेतीनशे ते पावणेचारशे अश्वशक्तीच्या वॅगनकडे झुकतं. बीएमडब्ल्यू एम३४०आय टूरिंगसारखी, ३७४ अश्वशक्ती, वजन १,८०० किलोंच्या आसपास. सामान भरल्यावर धापा न टाकण्याचं ते सुख तिच्यात जवळपास पूर्ण मिळतं, आणि बादली बरीच लहान होते. मी स्वतः आता अशीच एक चालवतो. आठ सिलिंडरचा आवाज आठवतो का? रोज सकाळी, पहिल्या सिग्नलला.

तरीही मन आरएस६ वरच अडकलं असेल तर घ्या, मी नाही म्हणणार नाही. मलाही कोणी म्हणालं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. फक्त सही करायच्या आधी १०,००० युरो वेगळ्या खात्यात ठेवा, त्या खात्याला 'डिस्क-टायर' नाव द्या, आणि ते पैसे काढून ठेवल्यावर घरचा हप्ता जड जात असेल तर ती गाडी तुमच्या बजेटमध्ये नाही. ट्रायल घेताना वहिनींना चालवू द्या, मुलं मागे त्यांच्या सीटमध्ये बसवून, ताशी ३० च्या झोनमधून, खडबडीत दगडी रस्त्यावरून. महिन्यातले वीस दिवस ती गाडी तिथेच चालणार आहे.

मी माझी विकली तेव्हा घ्यायला एक पंचविशीतला मुलगा आला होता, मित्राला घेऊन. इंजिन चालू करायला सांगितलं, दोनदा रेस केलं, दोघं एकमेकांकडे बघून हसले, आणि तो लगेच किमतीवर आला. मीच त्याला दंडाला धरून पुढच्या चाकापाशी नेलं, त्याचं बोट आऱ्यांमधून आत घातलं आणि म्हटलं, इथे नख फिरव. त्याने फिरवलं, मग मान वर करून विचारलं, "हे किती खर्चाचं आहे?" मी सांगितलं. त्याने किंमत आठशे युरोंनी पाडून मागितली, आणि मी दिली.